ब्रेक दाबला, पण मोटर थांबली का?

सातपूर औद्योगिक वसाहतीत पाळी सुटण्याच्या वेळी त्र्यंबक रस्त्यावर उभे राहिले, तर नाशिकच्या कामगाराचे बदलते वाहन सहज नजरेस पडते. एके काळी या रस्त्यावर काळ्या सायकलींची रीघ असे. तिची जागा आधी मोपेडने आणि नंतर मोटारसायकलने घेतली. २०२१ मध्ये राज्यात पेट्रोलच्या दराने लिटरमागे शंभरी ओलांडली आणि विजेवर चालणाऱ्या दुचाकींकडे, त्याचबरोबर जुन्याच सायकलीला मोटर व बॅटरी जोडून तयार केलेल्या ई-बाइककडे शहरी माणसाचे लक्ष गेले. घर ते कारखाना हे चार-सहा किलोमीटरचे अंतर, खर्च नगण्य, परवान्याची कटकट नाही. या वाहनाचे आकर्षण समजण्यासारखे आहे.

असे वाहन घेताना ग्राहक दोन प्रश्न हमखास विचारतो. एकदा चार्ज केल्यावर किती किलोमीटर जाते आणि बॅटरी किती वर्षे टिकते? मात्र ब्रेकच्या लिव्हरमधून निघून कंट्रोलरकडे जाणारी बारीक वायर कशासाठी आहे, ती तुटली तर काय होईल, हे क्वचितच विचारले जाते. ब्रेक दाबताच मोटरची शक्ती तोडणारा स्विच किंवा सेन्सर त्या वायरच्या टोकाला असतो. दुकानदार त्याला ‘कटऑफ’ म्हणतात. संपूर्ण वाहनाच्या किमतीत त्याचा वाटा अगदी किरकोळ. पण वाहन भरकटण्याच्या क्षणी चालकाच्या हातात उरणारे ते शेवटचे साधन असते. ते कोणते निवडावे आणि त्याची जबाबदारी कोणावर असावी, याचा विचार म्हणूनच आवश्यक ठरतो.

बॅटरीकडे लक्ष, ब्रेककडे दुर्लक्ष

विद्युत दुचाकींच्या सुरक्षिततेची चर्चा आपल्याकडे आगीच्या घटनांमुळे सुरू झाली आणि नाशिकचा त्यात थेट संबंध होता. ९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकमध्ये कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या चाळीस विद्युत स्कूटरपैकी वीस आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्याच सुमारास देशात अन्यत्रही अशा घटना घडल्या. केंद्राने तज्ज्ञांची समिती नेमली, बॅटरीसंबंधीच्या मानकांत सुधारणा झाली आणि त्या १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू करण्यात आल्या. धोका दिसला, मानक बदलले, उत्पादकांना ते पाळावे लागले, असा हा क्रम होता.

ब्रेकच्या बाबतीत असा क्रम घडला नाही. त्याचे कारण उघड आहे. आग छायाचित्रात दिसते. मोटर वेळेवर न थांबल्यामुळे कोणी फाटकावर आदळला, तर पोलिसांच्या नोंदीत तो ‘वाहनावरील ताबा सुटल्याने’ झालेला अपघात ठरतो. स्विचची वायर तुटलेली होती की नाही, हे पाहण्याची पद्धत नाही. जे मोजले जात नाही, त्याची चर्चाही होत नाही.

पेट्रोलच्या दुचाकीवर मुठीवरचा हात सैल केला की इंजिनचा जोर ओसरतो आणि गिअर असल्यास तेच इंजिन चाकाला थोडे अडवूही लागते. ई-बाइकचे वर्तन वेगळे असते. पेडल फिरत आहे हे ओळखणारा साधा सेन्सर लावलेला असेल, तर पाय थांबल्यानंतरही मोटर क्षणभर ओढत राहते. हा काळ अर्ध्या सेकंदाचा, काही संचांत त्याहूनही अधिक असतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने अर्ध्या सेकंदात वाहन दोन मीटरहून अधिक अंतर कापते. कारखान्याच्या फाटकासमोर किंवा भाजीबाजारात दोन मीटर म्हणजे पुढच्या माणसापर्यंतचे अंतर होय.

मोटरचा हा जोर किती असतो, याचा साधा हिशेब मांडता येतो. चालकासह वाहनाचे वजन १०० किलो धरले आणि पावसात भिजलेले ब्रेक मिळून २०० न्यूटनचा, म्हणजे सुमारे वीस किलो वजनाच्या ओढीइतका रोध निर्माण करतात असे मानले, तर ताशी १५ किलोमीटर वेगावरून वाहन साधारण ४.३ मीटरमध्ये थांबेल. त्याच वेळी चाकातील मोटर १०० न्यूटनने पुढे ओढत असेल, तर ब्रेकचा अर्धा जोर मोटरशी झगडण्यातच खर्ची पडेल आणि थांबण्यास ८.७ मीटर लागतील. अंतर दुप्पट होईल. २५० वॉट अशी नोंद असलेली मोटरही थोडा वेळ त्याहून अधिक शक्ती देते आणि कमी वेगात तिचा जोर सर्वाधिक असतो. त्यामुळे हा आकडा अवास्तव नाही. उलट, ताशी २५ किलोमीटर वेगाला २५० वॉटची शक्ती अवघे ३६ न्यूटन इतका जोर देते. याचा अर्थ असा, की कटऑफची सर्वाधिक गरज मोकळ्या रस्त्यावरील वेगात नसून गर्दीतील मंद गतीत, वळणावर आणि ओल्या रस्त्यावर आहे. ‘गाडी पळतेच किती, मग कटऑफ कशाला’ हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील व्याख्येनुसार, ज्या बॅटरीवरील दुचाकीच्या मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोंपर्यंत आहे, ती मोटार वाहन मानली जात नाही. तिला नोंदणी लागत नाही आणि चालकाला परवानाही लागत नाही. पेडलला साहाय्य करणाऱ्या सायकलीसाठी आणखी एक अट आहे. वेग ताशी २५ किलोमीटरकडे जाऊ लागला की मोटरची शक्ती क्रमाक्रमाने कमी होऊन अखेरीस तुटली पाहिजे. चालकाने पेडल मारणे थांबवले, तर त्याआधीच तुटली पाहिजे. मोटर केव्हा थांबावी, याचा विचार नियमाने केलेला आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

ब्रेकविषयी मात्र त्या व्याख्येत ‘योग्य ब्रेक’ असावेत, एवढाच उल्लेख आहे. ब्रेक दाबताच मोटरची शक्ती तोडली जावी, असे स्वतंत्र वाक्य त्यात नाही. युरोपने या बाबतीत अधिक नेमकी भूमिका घेतली. तेथील ईएन १५१९४ या मानकात पेडल थांबल्यानंतर मोटरने किती अंतरात थांबावे, याची मर्यादा २००९ मध्येच घालण्यात आली. ब्रेक लिव्हरवर कटऑफ असेल तर पाच मीटर आणि नसेल तर दोनच मीटर. कटऑफ नको असेल तर मोटर अधिक तत्पर हवी, असा हा व्यवहार्य तोडगा होता. उत्पादकाला मार्ग निवडण्याची मुभा मिळाली आणि चालकाची सुरक्षितता मात्र दोन्ही मार्गांत जपली गेली.

आपल्याकडे तपासणीचा भर आजवर वॉट आणि वेगावर राहिला. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने २५० वॉटची मर्यादा ओलांडणाऱ्या आणि बेकायदा फेरफार केलेल्या ई-बाइकविरुद्ध कारवाईचे आदेश प्रादेशिक परिवहन कार्यालयांना दिले. ती कारवाई योग्यच होती. ताशी २५ ऐवजी ४५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनाची गतिज ऊर्जा तिपटीहून अधिक असते आणि ब्रेकला ती सगळी पचवावी लागते. सायकलीच्या रिमला घासणारे रबर त्यासाठी बनवलेलेच नसते. शिवाय मर्यादा ओलांडताच ते वाहन कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरते. नोंदणी, परवाना, विमा या सर्व अटी त्याला लागू होतात. विम्याविना अशा वाहनाने कोणाला धडक दिली, तर भरपाईचा भार चालकाच्या घरादारावर येऊ शकतो. नोंदणीकृत वाहनात परवानगीविना फेरफार करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

तथापि, वॉटची मर्यादा काटेकोरपणे पाळणारे वाहनही ब्रेक दाबल्यावर ओढत राहू शकते. तपासणी अधिकाऱ्याच्या मापनात ते निर्दोष ठरेल. कारवाईच्या चौकटीतील ही त्रुटी आहे.

कारखान्यातील शहाणपण

या प्रश्नाचे उत्तर सातपूरला बाहेरून आणण्याची गरज नाही. येथील कोणत्याही प्रेस शॉपमध्ये किंवा यंत्रशाळेत काम केलेल्या माणसाला लाल रंगाचे आपत्कालीन बटन ठाऊक असते. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २४ नुसार चालत्या यंत्राची शक्ती आणीबाणीत तोडण्याची योग्य साधने प्रत्येक कार्यकक्षात असणे आणि ती सुस्थितीत राखणे बंधनकारक आहे. फाटकाच्या आत पाऊण शतकापूर्वी रुजलेला हा विचार फाटकाबाहेरच्या रस्त्यावर अद्याप पोहोचलेला नाही.

त्या लाल बटनाची जोडणी कशी असते, हे अधिक महत्त्वाचे आहे. बटनाचा संपर्क नेहमी जुळलेला ठेवतात आणि दाबल्यावर तो तुटतो. यामुळे वायर तुटली, उंदराने कुरतडली किंवा जोड सैल झाला, तरी परिणाम एकच होतो: यंत्र बंद पडते. बिघाड झाला की यंत्र सुरक्षित बाजूला झुकते आणि त्याची वार्ता लगेच मिळते. वीजतंत्री याला ‘नॉर्मली क्लोज्ड’ जोडणी म्हणतात.

ई-बाइकच्या ब्रेक लिव्हरमधील बहुतेक स्विच याच्या नेमके उलट असतात. एरवी संपर्क तुटलेला आणि ब्रेक दाबल्यावर जुळणारा, म्हणजे ‘नॉर्मली ओपन’. दोन वायरी, आत बारीक स्विच, लिव्हर दाबला की कंट्रोलरला संकेत, अशी ही स्वस्त आणि सोपी रचना असते. तिचा दोष असा, की वायर तुटली तरी गाडी आधीसारखीच चालत राहते. चालकाला काहीच जाणवत नाही. कटऑफ नाहीसा झाला आहे, हे त्याला ज्या क्षणी कटऑफची गरज पडेल, त्याच क्षणी समजते. जो कामगार दिवसभर बिघाडात बंद पडणाऱ्या यंत्रावर काम करतो, तोच संध्याकाळी बिघाडातही चालत राहणाऱ्या वाहनावर बसून घरी जातो.

मुठीवरील थ्रॉटलच्या बाबतीत हा दोष अधिक गंभीर ठरतो. बहुतेक थ्रॉटलमध्ये चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर असतो. मूठ सैल असताना तो साधारण एक व्होल्टचा आणि पूर्ण पिळल्यावर चार व्होल्टच्या आसपासचा संकेत देतो. त्याची ऋण वायर तुटली, तर संकेत पाच व्होल्टकडे चढतो आणि मूठ पूर्ण पिळली आहे असा समज कंट्रोलर करून घेऊ शकतो. चांगला कंट्रोलर असा अवाजवी संकेत नाकारतो; स्वस्त संचातील प्रत्येक कंट्रोलर तसे करीलच, याची खात्री नसते. अशा वेळी ब्रेकमधील कटऑफ ही मोटरला थांबवणारी दुसरी, स्वतंत्र कळ असते.

हे तत्त्व मोठ्या वाहन उद्योगालाही ठेच लागूनच उमगले. अमेरिकेत २००९-१० मध्ये मोटारी अचानक वेग घेत असल्याच्या तक्रारींनंतर टोयोटाला लाखो वाहने परत बोलवावी लागली. पायाखालच्या चटईत अडकणारे आणि चिकटणारे पेडल ही कारणे पुढे आली. त्यानंतर ब्रेक व ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेल्यास ब्रेकचाच आदेश मानला जाईल, अशी प्रणाली कंपनीने आपल्या मोटारींत बसवली. ‘ब्रेकचा शब्द अखेरचा’ हा त्यातील धडा दुचाकीलाही तितकाच लागू आहे.

निवड कशी करावी?

बाजारात प्रामुख्याने तीन प्रकार उपलब्ध आहेत. पहिला, आत स्विच असलेला संपूर्ण लिव्हर. दुसरा, ब्रेकच्या तारेवर मध्येच बसणारा सेन्सर; तार ओढली की तो संकेत देतो. तिसरा, आहे त्याच लिव्हरवर चिकटवायचा चुंबक आणि त्याच्या समोरचा सेन्सर. तिन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. मात्र निवडीची सुरुवात स्विचपासून करणे चूक ठरते. ती ब्रेकपासून झाली पाहिजे.

लिव्हर दाबल्यावर तार किती ओढली जाते, हे प्रत्येक प्रकारच्या ब्रेकसाठी वेगळे असते. लांब भुजांच्या ‘व्ही’ ब्रेकला तार जास्त ओढावी लागते, जुन्या चिमटा ब्रेकला कमी. तारेच्या डिस्क ब्रेकमध्ये दोन्ही प्रकार आढळतात. संचासोबत आलेला कटऑफचा लिव्हर केवळ त्यात स्विच आहे म्हणून बसवला आणि तो ब्रेकशी जुळणारा नसला, तर मोटर थांबेल, पण गाडी थांबणार नाही. तेल दाबून चालणाऱ्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचा उत्तम लिव्हर काढून तेथे स्वस्त लिव्हर बसवणे तर शक्यही नसते. कारण तेथे तारच नसते. अशा वाहनाला चिकटवायचा चुंबकीय सेन्सर हाच मार्ग उरतो. तारेचे ब्रेक चांगले असतील आणि लिव्हर बदलायचा नसेल, तर तारेवरचा सेन्सर सोयीचा पडतो. जुन्या काळ्या सायकलीवर तारेऐवजी लोखंडी दांड्यांचे ब्रेक असतात. त्यांचा पावसातील जोर मुळातच तोकडा असल्याने मोटर बसवण्यापूर्वी ब्रेकच बदलणे शहाणपणाचे ठरेल.

दुसरा मुद्दा कंट्रोलरशी जुळण्याचा. कंट्रोलरला ‘जुळणारा’ संकेत हवा आहे की ‘तुटणारा’, हे आधी पाहिले पाहिजे. उलट प्रकारचा लिव्हर जोडला, तर ब्रेक सोडल्यावर मोटर बंद आणि दाबल्यावर चालू, असा विपरीत प्रकार घडू शकतो. काही कंट्रोलरवर ब्रेकसाठी दोन वेगळ्या वायरी असतात: एक शून्याकडे जोडण्याच्या संकेतासाठी आणि दुसरी ब्रेकच्या दिव्याला जाणाऱ्या बारा किंवा अधिक व्होल्टच्या संकेतासाठी. यांची अदलाबदल झाली, तर कंट्रोलर जळण्याची भीती असते. साध्या स्विचला दोन वायरी पुरतात, तर हॉल सेन्सरला वीजपुरवठ्याची धरून तीन लागतात. केवळ जोडणीचा आकार जुळतो म्हणून एकाच्या जागी दुसरा बसवता येत नाही.

तिसरा आणि निर्णायक मुद्दा बिघाडाच्या स्वरूपाचा. दुकानदाराला ‘हा सेन्सर चांगला आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘हा सेन्सर खराब झाला, तर गाडी चालेल की थांबेल’ असे विचारावे. चिकटवण्याच्या काही रचनांत चुंबक एरवी सेन्सरजवळ असतो आणि ब्रेक दाबताना दूर जातो. अशा वेळी चुंबक गळून पडला, तर गाडी ब्रेक दाबल्याचा समज करून घेते आणि मोटर चालत नाही. हा बिघाड त्रासदायक आहे, पण सुरक्षित आहे. त्याच सेन्सरची वायर तुटली, तर मात्र परिणाम उलट असू शकतो. कंट्रोलर ‘तुटणारा’ संकेत स्वीकारत असेल, तर लाल बटनाच्या पद्धतीचा लिव्हर केव्हाही श्रेयस्कर. स्वीकारत नसेल, तर उरलेला उपाय नियमित तपासणीचा.

ही तपासणी मिनिटभराची आहे. गाडी स्टँडवर घेऊन मोटरचे चाक अधांतरी ठेवावे, मोटर हळू फिरवावी आणि आधी डावा, मग उजवा लिव्हर अलगद दाबावा. प्रत्येक वेळी मोटर थांबली पाहिजे आणि ब्रेकचे रबर किंवा पॅड घासण्यापूर्वी थांबली पाहिजे. एकाच लिव्हरला कटऑफ असेल, तर ती अर्धीच सोय म्हणावी लागेल, कारण घाईच्या क्षणी कोणता हात आधी आवळला जाईल, हे सांगता येत नाही. सातपूरला त्र्यंबकच्या बाजूने येणारा पाऊस आणि कारखाना परिसरातील धूळ लक्षात घेता जोड जलरोधक असावेत, त्यांचे तोंड खाली असावे आणि पावसाळ्यात ही तपासणी दर आठवड्याला व्हावी.

वायर काढून टाकणाऱ्यांचे म्हणणे

कटऑफची वायर मुद्दाम काढून ठेवणारेही अनेक आहेत. त्यांचे म्हणणे सरसकट खोडून काढण्यासारखे नाही. स्प्रिंग सैल झाल्याने लिव्हर पूर्ण परत आला नाही, तर मोटर चालत नाही आणि पाळीला उशीर होतो. चढावर थांबून पुन्हा निघताना ब्रेक धरून ठेवावा, तर मोटर साथ देत नाही. पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असलेल्या उंची ई-बाइकमध्ये पाय थांबताच मोटर जवळजवळ तत्क्षणी थांबते. त्यामुळे युरोपातील अनेक नामांकित संचांत ब्रेकवर स्विच नसतोही. यातील शेवटचा आक्षेप खराच आहे. ज्या वाहनात थ्रॉटल नाही आणि मोटर पायाच्या जोरावरच अवलंबून आहे, तेथे कटऑफ उपयुक्त असला तरी अपरिहार्य म्हणता येणार नाही.

परंतु आपल्याकडील स्वस्त संचांचे स्वरूप असे नाही. त्यांत थ्रॉटल असतो, पेडलचा सेन्सर साधा असतो आणि मोटर चाकात असते. सैल स्प्रिंगवरचा उपाय नवी स्प्रिंग हा आहे, वायर कापणे हा नव्हे. चढावर निघण्याची अडचण थोड्या सरावाने सुटते. गैरसोय रोज जाणवते आणि धोका वर्षातून एखाद्या वेळी समोर येतो, म्हणून माणूस गैरसोय आधी दूर करतो. हा मनुष्यस्वभाव आहे. कारखान्यातील यंत्राचे संरक्षक कवच काढून ठेवण्यामागेही तोच असतो आणि त्याचे परिणाम या वसाहतीला नवे नाहीत.

ब्रेक दाबल्यावर बॅटरी चार्ज होते, या समजाबद्दलही सावध राहिले पाहिजे. चाकाला गिअरविना थेट जोडलेली मोटर आणि तशी सोय असलेला कंट्रोलर असेल, तरच हे घडते. आत गिअर आणि एका दिशेनेच पकडणारा क्लच असलेल्या लहान हब मोटरमध्ये ते शक्य नसते. जेथे ही सोय आहे, तेथेही ती कटऑफच्याच वायरवर चालते. वायर तुटली की दोन्ही लाभ एकदम संपतात. मोटरकडून मिळणारा हा रोध ब्रेकला साहाय्य करणारा आहे. तो ब्रेकची जागा घेऊ शकत नाही.

सातपूरला काय करता येईल?

विद्युत वाहनांच्या चर्चेत सातपूरचा उल्लेख बहुतेक वेळा चिंतेच्या सुरात होतो. येथील लोकांच्या तोंडी अजूनही ‘मायको’ असलेला बॉशचा कारखाना डिझेल इंजिनांचे इंधन फवारणारे भाग बनवत आला आहे. इंजिनच उद्या मागे पडले, तर त्यावर उभ्या असलेल्या लघुउद्योगांचे काय होणार, हा प्रश्न रास्त आहे. दुसरीकडे, बाजारात मिळणारे ई-बाइकचे बरेचसे संच व सुटे भाग चिनी बनावटीचे आहेत. ज्या वसाहतीत पत्र्याचे दाबकाम, प्लास्टिकचे साचे, विद्युत स्विचगिअर आणि वाहनांचे सुटे भाग ही सारी कौशल्ये पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, तेथे बिघाडात गाडी थांबवणारा, पावसाला दाद न देणारा ब्रेक लिव्हर बनवणे अवघड नसावे. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. ‘निमा’सारखी उद्योजकांची संघटना आणि अंबड येथील नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टर जवळच आहेत, तर चाचणीसाठी पुण्याची एआरएआय ही संस्था राज्यातच आहे.

मात्र असा भाग विकला जाण्यासाठी मागणी हवी आणि मागणी निर्माण होण्यासाठी नियमाचा आधार हवा. ‘योग्य ब्रेक’ या दोन शब्दांना अर्थ देणे हे पहिले पाऊल ठरेल. थ्रॉटल असलेल्या प्रत्येक वाहनात दोन्ही ब्रेकवर कटऑफ असावा आणि त्याची वायर तुटल्यास मोटर चालू नये. थ्रॉटल नसल्यास पेडल थांबल्यापासून ठरावीक अंतरात मोटर थांबावी. एवढी दोन वाक्ये नियमात आली, तरी उत्पादक, विक्रेता आणि तपासणी अधिकारी या तिघांनाही एक ठोस निकष मिळेल. रस्त्यावरील तपासणीत वॉट मोजण्यासाठी उपकरण लागते. ब्रेक दाबल्यावर मोटर थांबते की नाही, हे पाहण्यास डोळे पुरतात.

दुरुस्तीची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. सायकल दुरुस्त करणाऱ्याला तार समजते, वायरमनला वायर समजते. ब्रेकचा लिव्हर मात्र या दोघांच्या सीमेवर आहे आणि म्हणून तो कोणाचाच नाही. सातपूर येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी अशा कारागिरांसाठी काही दिवसांचा अभ्यासक्रम आखता येईल. कारखान्यांच्या सुरक्षा विभागांनाही आपल्या वाहनतळावर महिन्यातून एकदा ही मिनिटभराची तपासणी करून घेणे सहज शक्य आहे. कामगार फाटकाच्या आत सुरक्षित राहावा यासाठी एवढी यंत्रणा राबते. तो फाटकापर्यंत सुखरूप पोहोचावा, यासाठी थोडे कष्ट अधिक होणार नाहीत.

त्र्यंबकेश्वराकडे जाणारा हा रस्ता सिंहस्थाच्या काळात भाविकांच्या गर्दीचा असतो आणि एरवीही कारखान्यांची अवजड वाहने, शाळकरी मुले आणि पायी चालणारे कामगार त्यावर एकत्र असतात. अशा रस्त्यावर वाहन किती वेगाने धावते याइतकेच ते किती खात्रीने थांबते, यालाही महत्त्व आहे. नवी ई-बाइक घेणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी दुकानातच मागचे चाक उचलून, मोटर फिरवून एकदा ब्रेक दाबून पाहावा. मोटर थांबली नाही, तर बाकीची सारी वैशिष्ट्ये ऐकण्याचे कारण उरत नाही.